नकाशातल्या चार सळ्या

सकाळी साडेदहाला प्रसूतिगृहाची इमारत स्वतःच बोलली, "तळमजल्याचा खांब थकला आहे. चाळीस मिनिटांत बाहेर पडा."

देशात नवा बांधकाम कायदा लागू होऊन तिसराच दिवस होता. जुन्या खांबांमध्ये धुळीच्या कणाएवढे संवेदक टोचायला सुरुवात झाली होती, आणि इमारतीने दिलेला इशारा कोणत्याही साहेबाला रद्द करता येत नव्हता. या कायद्यासाठी अभियंता नलिनी खरोटे अकरा वर्षं भांडल्या होत्या. पहिली चाचणी त्यांनी मुद्दाम इथे ठेवली होती, कारण तरुणपणी या इमारतीचा नकाशा त्यांनीच काढला होता.

ओल्या बाळंतिणींना खाटांसकट बाहेर आणलं. शेवटचं बाळ नलिनीताईंनीच उचलून आणलं.

"ठेकेदाराने लोखंड खाल्लं असणार," त्या म्हणाल्या.

निरीक्षक रेहाना मुजावरने हातातल्या पडद्यावर पाहिलं. "नाही मॅडम. नकाशाप्रमाणे सगळ्या सळ्या आहेत. नकाशातच चार कमी आहेत."

नलिनीताईंनी फाटकाजवळून इमारतीकडे वळून पाहिलं. तेहतीस वर्षं बायका त्या खांबाच्या भरवशावर बाळंत होत होत्या.

"दोष कोणाच्या नावावर लिहू?" रेहानाने हळूच विचारलं. "नकाशावर तुमच्याबरोबर तेव्हाच्या मुख्य अभियंत्यांचीही सही आहे. ते आता हयात नाहीत."

बाळ आईकडे देऊन नलिनीताई म्हणाल्या, "नकाशा माझा आहे, माझं नाव लिही. आणि माझ्या आणखी सतरा इमारती आहेत. तिथे अजून संवेदक पोचलेले नाहीत. त्यांची नावं सांगते, लिहून घे."