दासीची वाक्यं

"चाबूक मारणारा मालक टाळ्या घेतो, आणि माझ्यासारख्या चांगल्या मालकिणीला कुत्रं विचारत नाही," ताई आरशासमोर कुरकुरल्या. कामवाली मागे उभी राहून त्यांच्या अंबाड्यात आकडे खोचत होती. नाटक गुलामांचं होतं, ताई त्यात प्रेमळ मालकीण होत्या, आणि घरच्या तालमीत दासीची वाक्यं हिनंच म्हणायची, असा शिरस्ता पडला होता. आधीच्या घरी तिला इस्त्रीचे चटके बसले होते. ताईंनी कधी आवाजही चढवला नाही. तिकडे मायदेशी तिची आई गेली, तेव्हा ताई तिला कुशीत घेऊन रडल्या होत्या. जाऊ मात्र दिलं नव्हतं.

"मालकीणबाई, मला माझ्या माणसांत जाऊ द्या," तिनं सुरुवात केली.

ताईंचे डोळे भरून आले. "जा, बाई. आजपासून तू मोकळी."

"मग माझा पासपोर्ट द्या."

ताई भराभर नाटकाच्या वहीची पानं उलटू लागल्या. "अगं, हे कुठलं मधेच? त्या काळी कसला आलाय पासपोर्ट!"

तिनं उरलेले आकडे डबीत ठेवून दिले.

"नाटकातलं नाही, ताई. तुमच्या कपाटात आहे तो. मी आले त्या दिवसापासून."