त्रेचाळिसावी फाइल

आई गेली आणि तिने म्हटलेली देवाची गाणी धाकटीच्या कॉम्प्युटरवर राहिली. राहणारच! आईचा जीव होता तो धाकटीतच; थोरली आपली कामाला पुढे आणि कौतुकाला मागे.

धाकटी ऑफिसला गेली तशी थोरली खालच्या खोलीत आपल्या कॉम्प्युटरसमोर बसली. घरातले दोन्ही कॉम्प्युटर जोडलेलेच होते. काळ्या पडद्यावर तिने कमांडची एक ओळ टाइप केली : धाकटीच्या वरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरची गाणी इकडे आणायची, आणि आणलेलं गाणं तिकडून पुसून टाकायचं.

"बस म्हणावं आता हात चोळत," ती पुटपुटली.

एकेक गाण्याचं नाव सरकत गेलं. बेचाळीस आली. त्रेचाळिसाव्या फाइलला नावच नव्हतं, आणि ती संपता संपेना. तिच्या आकाराचा आकडा नुसता वाढत होता, कुणी अजून रेकॉर्ड करत असावं तसा.

तिने धाकटीला फोन लावला. "आईची गाणी किती गं तुझ्याकडे?"

"बेचाळीस. का गं ताई, हवीत तुला? अगं, कधीची देणार होते! राहूनच जातंय बघ."

"नको, सहज विचारलं," म्हणून थोरलीने फोन ठेवला आणि ती वाढती फाइल उघडली.

आधी आईचा खोकला आला. मग गाण्याच्या दोन ओळी, त्याच गोड गळ्याने. गाणं मध्येच थांबलं आणि आई अगदी हलक्या आवाजात, लाडाने म्हणाली, "हळू बोल गं धाकटे. खाली थोरली ऐकतेय."