केसभर

लवू मेकॅनिकने बुलेटच्या कार्बोरेटरमधलं शेंगदाण्याएवढं पितळी जेट गोपाळशेट सोनारांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाला, "याचं भोक केसभर मोठं करून हवंय. एकच केस. दोन नाय."

"कोणाचा केस?" गोपाळशेट म्हणाले. "माझ्याकडे आता मोजायलाही उरले नाहीत."

दारात बुलेट उभी होती. तिचे मालक श्यामराव, कोर्टातले कारकून, तिच्याकडे बघायचं टाळत होते. तिला मुंबईचा मोकळा सायलेन्सर बसवायची हौस त्यांचीच. तेव्हापासून गाडी सपाटीवर तीन आळ्यांना झोपेतून उठवायची आणि चढ लागला की खोकून बंद पडायची. काल माळनाक्याच्या चढावर बंद पडली तेव्हा मागे जज्जसाहेबांची गाडी होती.

"सायलेन्सर मोकळा झाला, इंजिन वारा जास्त खातंय," लवू सांगू लागला. "पेट्रोल येतंय जुन्याच भोकातून. प्लग बगा, चुन्यासारखा पांढरा पडलाय. मोठं जेट मुंबईहून यायला पंधरा दिवस. आणि माझ्याकडचं बारीकात बारीक ड्रिल म्हणजे याला पहारच."

गोपाळशेटांचा मुलगा बाळा आतून आला. दुकान आता तोच बघायचा.

"लवू, दुसरीकडे जा. अण्णांनी हत्यार खाली ठेवलंय."

"मी नाही ठेवलं. तू कुलपात ठेवलंस."

"तुमच्या हातून कमळाताईंच्या नथीचा मोती फुटला तेव्हा ठेवलं."

बाळाने वडिलांच्या हाताकडे पाहिलं नाही. बाकीच्यांनी पाहिलं. हात मांडीवर होता आणि बारीक थरथरत होता.

"हे पितळ आहे रे," गोपाळशेट म्हणाले. "बिघडलं तर कोणाच्या घरी रडारड होणार नाही."

"माझ्या होईल," श्यामराव म्हणाले.

बाळाने किल्ली काढली. "ठीक आहे. पण अण्णा, हे बिघडलं तर पुन्हा या बैठकीवर बसायचं नाही. चारचौघांसमोर सांगतोय."

"मग काय करू? देवळाबाहेर बसून लोकांच्या चपला मोजू?"

खण उघडला. गोपाळशेटांनी डोळ्याला भिंग लावलं, पांढरं फडकं अंथरलं आणि मोत्यांचं भोक रुंदावायची सळई निवडली. दाभणाहून बारीक, टोकाकडे निमुळती. ती जेटात शिरली तशी लवूने बघायला मान खाली वाकवली.

"फिरवत नाय काय?" त्याने थोड्या वेळाने विचारलं.

"फिरवायची कशाला मेल्या? हात आपसूक फिरतोय."

गोपाळशेटांनी कोपर बरगडीला दाबलं, मनगट ऐरणीला टेकवलं. थरथर गेली नाही. पण सळईपर्यंत येईतो ती शहाणी झाली. फडक्यावर पिवळे कण पडू लागले. तीनदा त्यांनी जेट उजेडाला धरून पाहिलं. चौथ्यांदा बाळाही वाकला. मग काहीतरी आठवल्यासारखा सरळ झाला.

"झालं."

"केस पुरा?"

"पाऊण. उरलेला पाव लागला तर परत ये. भोक लहान करायचं हत्यार अजून निघालेलं नाही."

लवूने दारातच जेट बसवलं, किक मारली आणि निघाला. सायलेन्सरचा एक फायदा श्यामरावांना तेव्हा प्रथम कळला. गाडी कुठवर पोचली ते दुकानातून न उठता कळत होतं. आळी संपली. नाका गेला. चढ लागला, आवाज जड झाला. इथेच ती खोकायची. बाळा किल्ली मुठीत घेऊन रस्त्याकडे बघत उभा होता. आवाज आणखी जड झाला आणि तसाच, न तुटता, वर वर चढत गेला. माथ्यावर पोचल्यावर लवूने गरज नसताना दोनदा रेस केली.

"गेली!" म्हणत श्यामराव स्टुलावर बसले.

गोपाळशेटांचं तिकडे लक्षच नव्हतं. ओल्या बोटाने ते फडक्यावरचा चुरा टिपत होते. कण न् कण.

"अहो, राहू दे की गोपाळशेट. पितळच ते."

"गिऱ्हाइकाचा चुरा आम्ही ठेवून घेत नाही."

त्यांनी तळहात पुढे केला. तळहात हलत होता आणि त्यावरची चिमूटभर पिवळी धूळ सांडते की काय असं वाटत होतं. बाळाने किल्ली खिशात टाकली, गल्ल्याजवळच्या गठ्ठ्यातून दागिने बांधायचा गुलाबी कागद ओढला आणि वडिलांच्या हाताखाली दोन्ही हातांनी धरला.