बिघडलेलं घड्याळ

पोरानं पुण्याहून नाडी मोजणारं घड्याळ धाडलं आणि बबनरावांचा जीव थाऱ्यावर राहिना. घडीघडी आकडा पाहायचे, पाहून भ्यायचे आणि भ्याले की आकडा चढायचा. कापूस वेचून जेवायला बसले, तरी तेच. बायको, मैनाबाई, चिडली. “आना इकडे! मले त काई झालं नाई न? पाहू, खरं बोलते का हे!” हिरव्या बांगड्या मागे सारून तिनं ते बांधलं. घड्याळ थरथरलं, लाल झालं. आकडा बबनरावांपेक्षाही वर. बबनराव खदखदून हसले. “घड्याळच बिघडलं! कायले भेलो मी?” घड्याळ डब्याच्या पिशवीत टाकून शीळ घालत वेचायला गेले. मैनाबाईही हसली. दिवाळीपासून बांध चढताना लागणारी धाप तिनं कोणालाच सांगितली नव्हती. संध्याकाळी तिनं घड्याळ गुपचूप पुन्हा बांधलं आणि गाठोडं डोक्यावर घेतलं. बांध यायच्या आधीच ते थरथरू लागलं.