काकूंचा आवाज

महाराष्ट्र दिनाच्या व्हिडिओसाठी सरोजिनी नगरच्या मराठी मंडळातल्या बायकांनी रुचिराच्या घरी समूहगान रेकॉर्ड केलं. प्रभावतीकाकू दर वेळी अंतऱ्यात सूर सोडायच्या आणि वर स्वतःच म्हणायच्या, "बिल्कुल जमलं!" त्यांना कोण सांगणार? सगळ्या गेल्यावर रुचिरानं ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं आणि सगळ्यांचे आवाज एकटीनंच गाऊन एकमेकांवर चढवले. गाणं सुरेख झालं. काकूंनी तर ते झाडून सगळ्या नातेवाइकांना पाठवलं, "यात मी पण आहे."

दिवाळीनंतर काकू गेल्या. तेराव्याला त्यांचा मुलगा धैर्यशील रुचिराला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, आईचे फोटो ढीगभर आहेत, पण आवाज कुठेच नाही. तुमच्या गाण्यात एवढ्या आवाजांत तिचा ओळखू येत नाही. तेवढा वेगळा काढून द्याल? बेसूर असला तरी चालेल."

"बघते," एवढंच तिच्या तोंडून निघालं.



घरी येऊन तिनं दार लावून घेतलं, माइक चालू केला, आणि अंतऱ्यात काकू जिथे सूर सोडायच्या, बरोबर तिथेच सोडला.