घरातलं टाकाऊ

“आई, टाकाऊ काहीतरी दे ना,” म्हणत अंजू तिसऱ्यांदा चुलीपाशी आली. शाळेत आज बाई बाहुल्या करायला शिकवणार होत्या. जो घरातलं टाकाऊ आणणार नाही, त्याने नुसतं बघत बसायचं होतं.

गोजराने लेकीसाठी सारं घर धुंडाळलं. तेलाच्या डब्यात पीठ होतं. जुन्या लुगड्याची गोधडी झाली होती, गोधडीचं पायपुसणं आणि पायपुसण्याचं पोतेरं. त्या पोतेऱ्यावाचूनही तिचं अडलं असतं.

“आपल्यात टाकाऊ म्हणजे एवढे तुझे बाच. त्यांनाच घेऊन जा,” ती म्हणाली.

“मला बाई परत पाठवतील,” बाजेवरून नवरा बोलला. अंजू हसली नाही. रिकाम्या हातांनीच शाळेत गेली.

संध्याकाळी ती बाहुली घेऊन आली. इतर मुलांनी आणलेल्यातलं उरलेलं बाईंनी तिला दिलं होतं. गोजराने बाहुली उलटसुलट करून पाहिली. अंगाला बाटली, तीही झाकणासकट. डोक्याला मोजा, त्याला कुठे भोक नाही. डोळ्यांना दोन चांगली बटणं.

“हे लोकांनी टाकलेलं?” तिने दोनदा विचारलं.

“बाटली तेलाला होईल,” नवरा म्हणाला. “बटणं माझ्या सदऱ्याला लाव.”

अंजूने बाहुलीचं एक टोक घट्ट धरलं.

गोजराची नजर नवऱ्याच्या उघड्या सदऱ्यावर गेली. मग तिने खुंटीवरची चाळण काढून खाली ठेवली आणि तिथे बाहुली टांगली.

“राहू द्या. एवढं एक घरात बिनकामाचं असू दे.”