हात निसटला

लाथ नेमकी त्याच बरगडीवर बसली. राक्षसाच्या मुखवट्यात चिहायाचा श्वास अडकला आणि समोरची तीनशे पोरं आनंदाने किंचाळली, “अजून! अजून!”

ती कोसळली. कोसळायचं ठरलेलंच होतं. लाथ तेवढी खोटी असायला हवी होती.

जपानमधल्या डोंगरावरच्या त्या करमणूक बागेत उन्हाळाभर रोज दोन खेळ होत. लाल चिलखतातला वीर राक्षसाला बडवून काढी. दोघांचे संवाद आधीच ध्वनिमुद्रित केलेले, भोंग्यांतून येणारे. मुखवटा चढला की आतल्या माणसाने तोंड उघडायचं नाही, पडद्यामागेसुद्धा नाही. फटीतून पोरं डोकावत असतात. वीर म्हणजे साकाकी. पस्तिशीचा, बुटका. ते चिलखत इतकं आखूड की बाकी कुणा पुरुषाला होत नसे. राक्षस म्हणजे चिहाया, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातली, सुट्टीपुरती आलेली.

“लागलं का गं?” तंबूचं दार लावून साकाकीने मुखवटा काढला.

“पुन्हा तिथेच लागलं, साकाकीसान.”

“मुलांना खोटं लगेच कळतं. आमच्या वेळी दात पडायचे. तू निदान थोबाड शाबूत घेऊन चाललीस.” तो हसला आणि स्वतःचा सुजलेला गुडघा चोळू लागला. “उद्या शेवटचा दिवस ना तुझा? निरोपाची भेट ठेवलीय. जन्मभर विसरणार नाहीस.”

चिहायाने राक्षसाचं डोकं खुंटीला अडकवलं. तीन आठवड्यांपूर्वी लाकडी बुरुजावरून त्याने तिला गादीच्या अलीकडेच सोडलं होतं. बरगडीला तडा गेला. “हात निसटला,” एवढंच तो म्हणाला होता. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, पण ती काम सोडून गेली असती तर तो जिंकला असता. म्हणून ती थांबली, आणि रोज त्या बुरुजाकडे बघत राहिली.

खेळाच्या शेवटी दोघं तिथे चढत. आधी राक्षस वीराला मनगटाला धरून बाहेर लोंबकळवी. पोरं ओरडली की वीर पुन्हा वर येई आणि राक्षसाला मागच्या बाजूला फेकी. मागे गादी होती. पुढे नुसती फरशी. वीर कधी पडतच नसे, मग गादी कशाला?

खोलीवर सुमिरेने तिच्या पाठीला औषधी पट्ट्या लावल्या. सुमिरे तिची सोबतीण, बागेतच बर्फाच्या गोळ्यांचा स्टॉल सांभाळणारी.

“अगं, किती पडतेस! राक्षसांना पडायला कुणी शिकवत नाही का?”

“गप्प बस. हसले की दुखतं.”

खरं काय ते चिहायाने तिला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सुमिरे गोळ्याचं यंत्र उचलून साकाकीच्या डोक्यात घालायला गेली असती.

उरलेली पट्टी सुमिरेने स्वतःच्या मनगटाला गुंडाळली. बर्फाचं चाक फिरवून तेही दुखत असे. “उद्या मी स्टॉलवर नाही. पण तुझा शेवटचा खेळ चुकवणार नाही हं.”

“कुठे बसशील?”

“अगदी पुढे. तुझ्या नाकासमोर.”

रविवारी चिहाया तंबूत आली तेव्हा वीर मुखवट्यासकट तयार होता. पाठ फिरवून अंग सैल करत होता. तिने राक्षसाचं डोकं चढवलं. बाहेर जाताना लाल हातमोज्याने तिची बोटं दोनदा दाबली. निरोपाची भेट, तिला आठवलं. तिने हात झटकून सोडवला.

मंचावरून तिने पहिली रांग न्याहाळली. सुमिरे नव्हती. बरं झालं. तिने हे पाहायला नको.

वीराचे बुक्के आज हलके पडत होते. मोठा तडाखा शेवटासाठी राखला असणार. चिहायाने वाट पाहिली नाही. तिने गुडघ्यावर सगळ्या ताकदीने लाथ घातली. वीर वाकला. तिने त्याचं डोकं धरून खांबावर आपटलं, एकदा, दोनदा. पोरांनी बाकं डोक्यावर घेतली. पहिल्या रांगेतल्या एका आईने मात्र टाळ्या थांबवल्या आणि मांडीवरच्या लेकराचे डोळे झाकले.

वीर धडपडत बुरुजावर चढला. आणि वेळेच्या आधीच, आपण होऊन, त्याने मनगट पुढे केलं.

चिहायाने ते पकडलं. औषधी पट्टीचा वास आला. गुडघ्याची असणार. तिने त्याला कडेबाहेर लोंबकळवलं. लाल मुखवटा वर वळला, तिच्याकडे. भोंगा गरजला, “मुलांनो, मला तुमचा आवाज हवाय!”

तिने बोटं उघडली.

आधी मुखवटा फरशीवर आदळला, मग बाकीचं अंग. एक पाय भलत्याच दिशेला वळला होता. मुखवट्याखालून काहीतरी काळपट पसरू लागलं.

“मी कधीच हरणार नाही!” भोंग्यातून वीर ओरडला.

“ऊठ! ऊठ!” तीनशे पोरं ओरडली. निवेदन करणारी ताई हसत हसत आकडे मोजू लागली. तीनवर तिचं हसू थांबलं.

चिहाया पडद्यामागे आली. मुखवट्यात ती तेच दोन शब्द घोळवत होती. हात निसटला. हात निसटला.

अंधारात कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

“वा! इथून काही दिसलं नाही, पण पोरांचा आवाज ऐकला. आज खरं झालं बघ.” काखेत कुबडी, गुडघ्याला पांढरं बँडेज. साकाकी होता. “आवडली का भेट? सकाळपासून घाबरली होती पोरगी. मी म्हटलं, सुमिरे, वर गेलीस की नुसता हात पुढे कर. चिहाया तुला सोडायची नाही.”